रससिद्धान्त (प्रयोगकलांतील)

नाट्य, नृत्य व संगीत यांच्या आस्वादात प्रेक्षकाला जो अनुभव येतो, त्याची मीमांसा करणारी भारतीय उपपत्ती म्हणजे रससिद्धान्त होय. तिचा मूलाधार भरताच्या नाट्यशास्त्राचे सहावा (रस) व सातवा (भाव) हे अध्याय आहेत. विभाव (भावाची कारणे), अनुभाव (भाव प्रकट करणारे हावभाव) व व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे क्षणिक भाव) यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती होते, असे भरताचे सूत्र आहे. आठ स्थायी (टिकून राहणारे मूळ भाव), तेहतीस व्यभिचारी व आठ सात्त्विक (अश्रू, रोमांच यांसारखे) मिळून त्याने एकूण ४९ भाव मानले. रसही त्याच्या मते आठच. नववा शान्तरस त्यात पुढे जोडला गेला.

भाव आणि रस यांत होणारी गल्लत जुनीच आहे. ‘नवरस’ म्हणजे नर्तकीच्या चेहऱ्यावरील नऊ मुद्रा, ही समजूत आजही आढळते. वस्तुतः चेहऱ्यावर दिसतो तो अनुभाव. रस कोठे असतो, यावर भाष्यकारांत मोठा वाद झाला. भट्ट लोल्लटाने तो मुख्यतः रामादी मूळ पात्रांत मानला. शंकुकाच्या मते, चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे आपण म्हणतो, तसे नटावरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली : रंगभूमीवरील शोक ना माझा, ना परक्याचा, म्हणूनच तो चाखता येतो. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने ती स्वीकारली, मात्र रस हा सहृदयाच्या (रसिक प्रेक्षकाच्या) मनात वासनारूपाने, म्हणजे संस्काररूपाने, असलेल्या स्थायी भावाचीच अभिव्यक्ती आहे, असे प्रतिपादले. या चर्चेत येणारा पानकरसाचा दृष्टान्त मराठी वाचकाला सहज कळावा, कारण पानक म्हणजे आपले पन्हे : गूळ, आंबटपणा व वेलची वेगवेगळी ओळखू न येता तिसरीच चव लागते.

अभिनवगुप्ताची ‘अभिनवभारती’ ही टीका प्रथम छापली गेली ती बडोद्यात. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत म. रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला पहिला खंड (अध्याय १ ते ७) १९२६ मध्ये निघाला आणि चौथा व अखेरचा खंड १९६४ मध्ये. हस्तलिखिते अत्यंत अशुद्ध होती, आणि दुर्दैव असे की भावाध्यायावरील टीकेचा बहुतांश भाग हाती लागला नाही.

प्रयोगाच्या अंगानेही बडोद्याचा या विषयाशी संबंध आहे. तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई (पहिल्या चिमणाबाई) यांचा १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांशी विवाह झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तकी-वादकांचे पथक या मराठी दरबारात आले. त्यांच्या परंपरेतील पदम् या रचनाप्रकारात एकच ओळ पुनःपुन्हा गायिली जाते आणि नर्तकी प्रत्येक वेळी निराळा संचारी (म्हणजेच व्यभिचारी) भाव दाखवते. कधी असूया, कधी दैन्य, कधी लज्जा. स्थायी रती (प्रेमभाव) मात्र ढळत नाही. सूत्रातील ‘संयोग’ शब्दाचा इतका स्पष्ट प्रत्यय पोथीतून क्वचितच येतो.

संगीतात प्रश्न अधिक बिकट आहे, कारण आलापाला पात्र नाही, म्हणजेच आलंबन विभाव (ज्याच्या आधाराने भाव जागतो ती व्यक्ती) नाही. भरताने स्वरांना रस नेमून दिले (मध्यम-पंचम शृंगार व हास्याला, गांधार-निषाद करुणाला), पण ते नाट्यातील गायनासाठी. कोमल गांधार-निषादाचे राग वीररसाला जवळचे, अशी स्थूल वाटणी भातखंडे यांनी सुचवली होती. तीनुसार बागेश्रीही वीररसात जाईल, आणि ते कोणत्याही जाणत्या श्रोत्याला पटणारे नाही.