बोट म्हणजे टोपच की!

ससून डॉकला एका तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाला, विचारलं, "बोटीवर आगीची भीती नाही वाटत?" तो हसला. "चौबाजूला पानी हाय, आग काय करनार?" त्याच्या मागे, डेकखाली, छोट्या सिलिंडरवर खलाशांचा चहा उकळत होता.

लाकूड पेटलं तर समुद्राचं पाणी कामाला येतं, कबूल. पेटत्या डिझेलवर ते मारलं तर तेलाखाली जातं, त्याची वाफ होते आणि तेल उडून आग पसरते. तिथं फोम किंवा पावडरच हवी. इंजिन रूममध्ये आग लागली तर झाकण उघडून डोकावायचं नाही, आगीला ताजी हवा मिळते. पण माझी झोप उडवतो तो गॅस.

हवेचा सरासरी रेणुभार २९. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या, म्हणजे एलपीजीमधल्या, प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८. म्हणजे एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड. घरात गळती झाली तर थोडा तरी दाराखालच्या फटीतून निघून जातो. बोटीला खाली फट कुठून असणार? पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेला हा टोप गॅसही बाहेर सोडत नाही. फळ्यांखाली, झिरपलेलं पाणी साचतं तिथंच तो जाऊन बसतो. एक लिटर द्रव एलपीजीचा साधारण २५० लिटर वायू होतो. हवेत त्याचं प्रमाण २ टक्के झालं की मिश्रण पेटू शकतं. २ टक्के म्हणजे पन्नासात एक भाग, म्हणून २५० गुणिले ५०, साडेबारा हजार लिटर पेटू शकणारं मिश्रण. एवढ्यात छोटी केबिन भरते. ठिणगीला इंजिनचा स्टार्टर पुरे. वासासाठी गॅसमध्ये मर्कॅप्टन घातलेलं असतं खरं, पण गॅस पायाशी, नाक वर आणि मध्ये मासळीचा दरवळ.

नारळी पौर्णिमेचा नारळ मलाही प्रिय आहे. इंजिनवर टांगलेल्या लिंबू-मिरचीनं मात्र गॅसची चिरलेली रबरी नळी सांधत नाही. सिलिंडर उघड्या डेकवर बांधावा आणि स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरवरच बंद करावा. नुसती शेगडी बंद केली तर नळीत गॅस तुंबलेलाच राहतो. वास आलाच तर एकाही स्विचला हात लावायचा नाही, पंपाच्याही नाही. झाकणं उघडायची आणि चक्क बालदीनं गॅस उपसायचा. रिकामी बालदी समुद्रात ओतणारा माणूस वेडा दिसतो, पण जड वायू असा उपसता येतो.

तांडेलानं सगळं ऐकलं, मला चहा दिला आणि खाली ओरडला, "गॅस बंद कर रं!"

पोरानं शेगडीचं बटण फिरवलं.