तेरा जर्सींचा खेळाडू कुठून आला

इंदुरात एखादा मुलगा नॅशनल खेळून आला की घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "मग, कुठे लागणार?" लागणार म्हणजे रेल्वेत, पोलिसात, बँकेत, नशीब जोरावर असेल तर ओएनजीसीत. प्रश्नात खवचटपणा नसतो. आपल्याकडे खेळाडूचं बस्तान बसणं म्हणजे स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, हे दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेलं आहे. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये घाम गाळणारी पोरं मात्र पहाटे उठून मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची व्यावसायिक लीग, बघतात. तिथं खेळाडू 'लागत' नाही. तिथं करार होतो, मोडतो, विकला जातो, पुन्हा होतो. पोरांच्या तोंडी लेब्रॉन आणि करी यांची नावं असतात. पण त्या धंद्याचं खरं रूप कळायला मधल्या फळीतला माणूस पाहावा, दर वर्षा-दोन वर्षांनी बॅग भरणारा. अमेरिकेत अशा खेळाडूला जर्नीमन म्हणतात.

त्यांतलं आजचं सर्वांत ठळक नाव इश स्मिथ. जन्म १९८८चा, गाव शार्लट, उंची जेमतेम सहा फूट. वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळून तो २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, उतरला आणि दोन्ही फेऱ्यांत त्याला कोणीच घेतलं नाही. ह्यूस्टननं संधी दिली. तिथून मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, पुन्हा फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, वॉशिंग्टन, शार्लट, पुन्हा वॉशिंग्टन. त्याच्याआधी बारा संघांकडून खेळलेले चौघे होते: चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ. २०२२ मध्ये वॉशिंग्टननं इशला डेन्व्हरला पाठवलं, तो तेरावा संघ झाला आणि विक्रम त्याच्या नावावर लागला. २०२३ च्या जूनमध्ये डेन्व्हर जिंकलं आणि तेराव्या ठिकाणी त्याला विजेतेपदाची अंगठी मिळाली. पुढच्या मोसमात तो पुन्हा शार्लटकडून, म्हणजे गावच्या संघाकडून खेळला.

तेरा संघांनी सोडलेला माणूस, असं याकडे बघता येतं. मला ते वाचन उथळ वाटतं. त्याला तेरा संघांनी घेतलंही होतं! एनबीएत तीस संघ, प्रत्येकाकडे नेहमीच्या कराराच्या पंधरा जागा, म्हणजे सगळ्या जगासाठी साडेचारशे जागा. त्यांत दर वर्षी कॉलेजातून आणि परदेशातून ताजं रक्त येतं. अशा ठिकाणी चौदा मोसम टिकायला संघाला नेमकं हवं असलेलं काहीतरी जवळ असावं लागतं. इशकडे वेग होता, आणि नव्या प्रशिक्षकाच्या चाली चटकन उचलायची तयारी होती. मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढं नेऊन चाली रचणारा खेळाडू, जखमी झाला की आज विमानातून उतरून उद्या खेळेल असा माणूस लागतो. मराठा फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि म्हणून त्याला कोणाच्याही पदरी जाता येई. फिरता बास्केटबॉलपटू या अर्थानं शिलेदार आहे. घोडा लंगडला की संपलं, हेही त्यात आलंच.

हा शिलेदार सुरुवातीपासून होता का? होता, पण वेगळ्या कारणानं. जेम्स नेस्मिथनं १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत हा खेळ बसवला आणि सात वर्षांत, १८९८ मध्ये, पहिली व्यावसायिक लीग निघाली. ती पाच-सहा वर्षांत बुडाली. त्या काळात खेळाडूला पैसे सामन्यागणिक मिळत. म्हणून आज या गावाकडून, परवा त्या गावाकडून, असा सर्रास प्रकार चाले. प्रेक्षकांना कोण कुठला हेच कळेना. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ओरिजिनल सेल्टिक्सनं आपल्या खेळाडूंना अख्ख्या मोसमासाठी बांधून घेतलं, तेव्हा कुठे संघ नावाच्या गोष्टीला आकार आला.

त्याच दशकात अख्खे संघच फिरस्ते होते. न्यूयॉर्क रेन्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ १९२३ मध्ये उभा राहिला. बसमधून गावोगाव जाऊन सामने खेळायचा, आणि ज्या गावात प्रेक्षक टाळ्या वाजवत तिथल्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. १९३९ मध्ये शिकागोला झालेली व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा याच संघानं जिंकली. तरी मोठ्या लीगचं दार बंदच राहिलं. १९४६ मध्ये सुरू झालेली लीग १९४९ मध्ये प्रतिस्पर्धी लीगशी एकत्र होऊन एनबीए झाली, आणि तिच्यात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू उतरले ते १९५० मध्ये. म्हणजे भटकंतीचा पहिला मोठा अध्याय हा हौसेचा किंवा बाजाराचा नव्हे, बहिष्काराचा आहे. अमेरिकी क्रीडालेखनात या दौऱ्यांची रम्य वर्णनं पुष्कळ सापडतात, ती वाचताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

एनबीए स्थिरावल्यावर उलटा प्रकार झाला. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. मालक त्याला दुसरीकडे धाडू शकत, तो स्वतः जाऊ शकत नसे. १९६७ मध्ये एबीए ही दुसरी लीग निघाली, दोन गिऱ्हाइकं झाल्यावर भाव चढले, आणि मालकांनी दोन्ही लीग एकत्र करायचं ठरवलं. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष तेव्हा ऑस्कर रॉबर्टसन होता, स्वतः बिनीचा खेळाडू. १९७० मध्ये त्यानं त्या विलीनीकरणाविरुद्ध दावा लावला. सहा वर्षं खटला चालला आणि १९७६ मध्ये तडजोड झाली: जन्माचं बंधन गेलं, पण जुन्या संघाला बरोबरीची बोली लावून खेळाडू राखायचा हक्क उरला. तोही १९८८ मध्ये अनुभवी खेळाडूंपुरता सुटला, आणि टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून आपल्या मर्जीनं फिनिक्सला गेला.

इथं एक गोम आहे. रॉबर्टसनच्या खटल्यानं दार उघडलं ते दोन्ही बाजूंनी. मोठ्या खेळाडूला हवं तिथं जाता यायला लागलं, आणि साध्या खेळाडूला कोणी थांबवून धरेनासं झालं. १९८४-८५ पासून पगारावर संघनिहाय मर्यादा आली. मोठ्या ताऱ्यांचे पगार देऊन झाल्यावर उरलेल्या जागा किमान पगारात भरायच्या, हे व्यवस्थापकाचं रोजचं गणित झालं. नियमानुसार किमान पगार अनुभवाबरोबर वाढतो. मग संघ दहा वर्षांचा अनुभवी सोडून स्वस्त पोरगा घेईल. ते होऊ नये म्हणून एका वर्षाच्या किमान करारात अनुभवी खेळाडूच्या पगाराचा काही भाग लीग स्वतः सोसते. इश स्मिथसारख्यांची कारकीर्द लांबली त्यात वेगाइतकाच या कलमाचाही हात आहे, असं मला वाटतं.

त्याखाली आणखी पायऱ्या आहेत. जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका संघाला एकाच खेळाडूशी असे दोनच करता येतात. नंतर मोसमभरासाठी घ्या किंवा सोडा. अदलाबदलीत दोन्ही बाजूंचे पगार जुळवावे लागतात, म्हणून कधी कधी खेळाडू जातो तो खेळासाठी नव्हे, आकडा जुळतो म्हणून. नव्या शहरात पोचताच त्याला मोकळं केलं जातं. तीन मोसम पुरे झाले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. त्यामुळे तिसऱ्या मोसमाच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला दहा दिवसांचं मोल आपल्याला वाटतं त्याहून जास्त असतं.

एनबीएबाहेरचा मुलूख आणखी मोठा. पूर्वी सीबीए नावाची दुय्यम लीग होती. जॉन स्टार्क्स आणि अँथनी मेसन तिथून वर येऊन न्यूयॉर्क निक्सचे आधारस्तंभ झाले. मेसन त्याआधी तुर्कस्तान आणि व्हेनेझुएलातही खेळून आला होता. २००१ मध्ये एनबीएनं स्वतःची दुय्यम लीग काढली, तीच आजची जी लीग. २०१७ पासून वर-खाली ये-जा करता येईल असे टू-वे करार आले. त्याखेरीज इटली, इस्रायल, तुर्कस्तान, चीन आहेतच, आणि फिलिपिन्समध्ये तर परदेशी खेळाडूला सरळ 'इम्पोर्ट' म्हणतात. प्रत्येक देशबदलाला फिबाचं, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचं, ना-हरकत पत्र लागतं. पगार थकवणारे क्लब इतके झाले की २००७ मध्ये फिबाला जिनिव्हात खास लवाद बसवावा लागला. बायकांच्या खेळात तर नामांकित खेळाडूही फिरस्त्याच होत्या: डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या बायकांच्या लीगचा उन्हाळा संपला की रशिया-तुर्कस्तान, कारण पैसा तिकडे जास्त. अमेरिकेच्या ब्रिटनी ग्राइनरला २०२२ मध्ये रशियात अटक झाली, ती अशाच हिवाळी नोकरीवर जाताना.

आता इंदूर. भटक्या व्यावसायिक खेळाडूची आपल्याला ओळख नाही असं म्हणणाऱ्यानं क्रिकेटमधला होळकर संघ आठवावा. सी. के. नायडू नागपूरचे, १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी बोलावलं, फौजेत हुद्दा दिला आणि ते इंदूरचे झाले. मुश्ताक अली घरचेच. पण चंदू सरवटे सागरचे, सी. एस. नायडू बडोद्याहून आलेले. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ करूनही संघ ३७४ धावांनी हरला. १९४७ मध्ये बडोद्याशी गाठ पडली, तेव्हा सांगलीहून निघून गायकवाडांच्या पदरी गेलेल्या विजय हजारेंनी गुल महंमदबरोबर होळकरांच्याच गोलंदाजीवर ५७७ धावांची भागी रचली. दोन मराठी संस्थानं, आणि दोन्हींकडे बाहेरून आणलेले मोहरे. त्या स्पर्धेत होळकरांनी चार विजेतेपदं मिळवली.

यांत फिरस्ता म्हणावा असा अस्सल माणूस म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचे. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे, इतक्या संघांकडून रणजी खेळले. १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ असताना प्रतिस्पर्ध्यांनी पुढं खेळायलाच नकार दिला आणि ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर राहिला. कसोटी एकही मिळाली नाही. अमेरिकेत असते तर त्यांच्या संघांची यादी पोरांना पाठ असती.

मात्र फरक नीट पाहावा. नायडू-हजारेंना पगार हुद्द्याचा होता. खेळ उतरला तरी दरबार होता. संस्थानं गेली, होळकर संघ १९५५ ला संपला आणि दरबाराची जागा रेल्वेनं, बँकांनी, सरकारी कंपन्यांनी घेतली. क्रिकेटमध्ये बाहेरून खेळाडू घ्यायची रीत राहिली. चंद्रकांत पंडित मुंबई सोडून मध्य प्रदेशकडून खेळायला आले, १९९९ ला कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले आणि २०२२ ला प्रशिक्षक म्हणून मुंबईलाच हरवून करंडक घेऊन गेले. बास्केटबॉल मात्र वायएमसीएच्या वाटेनं कॉलेजांत आला, कॉलेजांतून खात्यांत गेला आणि खात्यांतच राहिला. राष्ट्रीय स्पर्धा १९३४ पासून आहे, महासंघ १९५० चा, १९८० ला मॉस्को ऑलिंपिकमध्ये आपला संघ उतरलाही. पण खेळाडूला बोली लावणारं दुसरं गिऱ्हाईक कधी उभंच राहिलं नाही.

म्हणून आपले फिरस्ते बाहेरच्या नकाशावर सापडतात. कॅनडात जन्मलेला सिम भुल्लर एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटोकडून खेळला आणि एनबीएतला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू ठरला. करार दहा दिवसांचा, सामने तीन. पुढं तो तैवानला गेला. त्याच वर्षी पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग भमरा ड्राफ्टमध्ये बावन्नावा निवडला गेला, टेक्सास लेजेंड्सकडून दुय्यम लीगमध्ये खेळला, एनबीएत उतरलाच नाही आणि शेवटी व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. अमज्योतसिंग जपानहून ओक्लाहोमा सिटी ब्लू या जी लीगमधल्या संघापर्यंत पोचला. केरळची गीतू अ‍ॅना जोस त्याआधीच ऑस्ट्रेलियात खेळून आली होती. विशेष भृगुवंशीनं २०१७ मध्ये अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्सशी करार केला, तोही ओएनजीसीत नोकरीला असताना.

घरच्या आघाडीवर यूबीए नावाची लीग २०१५ ला आली आणि २०१७ नंतर थांबली. महासंघाच्या पाठिंब्यानं २०२२ ला आयएनबीएल सुरू झाली: चेन्नई, बंगळूर, मुंबई, दिल्ली, चंडीगड, कोची. सुरुवातीला ही सहा शहरं, त्यांत इंदूर नव्हतं. रेसकोर्स रोडवरच्या मुलाला तिथं घेतलंच तरी तो मोसम काही आठवड्यांचा, उरलेल्या वर्षाचा पगार कोणी द्यायचा हा प्रश्न शिल्लक. तो कोट्यातून रेल्वेत लागला, तर पगार बारा महिने, पण परदेशातून बोलावणं आलं की आधी खात्याची परवानगी, मग फिबाचं पत्र, मग व्हिसा. दहा दिवसांच्या करारासाठी एवढे कागद वेळेत जमवणारा अधिकारी त्याला भेटला पाहिजे.