डाऊटला येताना कोरा प्रश्न आणू नका
(सीएसआयआर-नेट या संशोधन आणि अध्यापनाच्या पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेस विषय, टेस्ट सिरीजच्या विद्यार्थ्यांसाठी)

रविवारी टेस्ट संपली की संध्याकाळपर्यंत फोनवर प्रश्नांचे फोटो येऊन पडतात. खाली एकच ओळ: "सर, उत्तर 3 कसं?" अशा फोटोंना आम्ही उत्तर देत नाही. फी भरूनही उत्तर का नाही, म्हणून काही जण रागावतात. म्हणून हा कागद.

पेपरचा साचा तुम्हाला माहीत आहेच. फक्त पार्ट सी बघा. 75 पैकी 25 सोडवायचे, बरोबर आला तर 4 गुण, चुकला तर 1 वजा. 200 पैकी 100 गुण इथेच आहेत. चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं, तर सरासरीने प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण दोन पर्याय खात्रीने कापता आले आणि उरलेल्या दोघांत अंदाज मारला, तर तीच सरासरी दीड गुणावर जाते. उत्तर पाठ असण्यापेक्षा कापता येणं इथे जास्त कामाचं. आणि कुठला पर्याय का कापला, हे फोटोत दिसत नाही.

मागच्या टेस्टमधला प्रश्न घ्या. दोन जनुकांमधलं अंतर 10 सेंटिमॉर्गन (हे अंतर मोजायचं एकक). रोपाला एका पालकाकडून उंच-लाल आणि दुसऱ्याकडून बुटकं-पांढरं अशी जोडी मिळालेली. त्याचा टेस्ट क्रॉस केला, म्हणजे दोन्ही गुण अप्रभावी असलेल्या रोपाशी संकर. उंच-पांढरी रोपं किती टक्के? निम्म्या वर्गाने 10 ला टिक केलं. एका मुलीने टेस्टसोबत दिलेल्या पत्रकात समोर लिहिलं होतं, "अंतर 10, म्हणजे रीकॉम्बिनंट 10 टक्के." रीकॉम्बिनंट म्हणजे पालकांकडून आलेली जोडी मोडून नवी जुळणी झालेली रोपं. वाक्य अगदी बरोबर! फक्त ते 10 टक्के उंच-पांढरी आणि बुटकी-लाल अशा दोघांत वाटले जातात, म्हणून उत्तर 5. कारण लिहिलेलं होतं म्हणून दोन मिनिटांत उरकलं. नाहीतर मी मेंडेलपासून सुरुवात केली असती, आणि मेंडेल तिला चांगला येतो.

म्हणून प्रत्येक टेस्टसोबत आम्ही रकान्यांचं पत्रक देतो: कापलेले पर्याय, कापण्याचं कारण, अडलं कुठे. अर्ध्या ओळीत लिहिलं तरी चालेल. याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेर याहून स्वस्त टेस्ट मिळतात, नाकारत नाही. पण पत्रक वाचून तुमच्याशी बोलणारा माणूस त्यात नसतो. बॅच छोटी ठेवतो ती त्याचसाठी.

"13 पैकी किती युनिट सोडली तर चालतील?" हेही रोज विचारलं जातं. इकॉलॉजी, उत्क्रांती आणि मेथड्स सोडू नका. बाकीचं तुमच्या एमएस्सीच्या विषयावर ठरतं, समोर बसून ठरवू. महाराष्ट्राच्या सेटला (सहायक प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. पण जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) नेटमधूनच मिळते, सेटमधून नाही.

डाऊटची वेळ शनिवारी 4 ते 7. पत्रक भरून आणणाऱ्यांना आधी घेतो. कोरी पत्रकं दाराजवळच्या टेबलावर असतात, पेन मात्र आपापलं आणा.