पंखा आणि दिवा यांची स्वतंत्र स्विचवरील जोडणी (खानदेश)

छताचा पंखा आणि खोलीतला दिवा यांना एकाच सर्किटवरून वीज देऊन दोन्ही वेगवेगळ्या स्विचांनी चालू-बंद करता यावेत, अशी केलेली घरगुती वायरिंगची रचना. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. रात्री भिंती नि स्लॅब तापलेलेच असतात, त्यामुळे दिवा मालवल्यावरही पंखा पहाटेपर्यंत फिरत ठेवावा लागतो. पंखा लावला की दिवाही लागतो अशा खोलीत माणसाला झोप लागत नाही. म्हणून या भागात ही जोडणी हौसेपेक्षा गरजेची आहे.

इथल्या बोलण्यात ‘लाईट’ म्हणजे दिवाही आणि वीजपुरवठाही. अहिराणीत ‘लाईट उनी का?’ असे विचारले तर प्रश्न वीज आली का, असा असतो. घोटाळा नको म्हणून या नोंदीत बल्ब-ट्यूबसाठी ‘दिवा’ हाच शब्द वापरला आहे.

पंखा मधोमध आणि ट्यूब भिंतीवर, अशा नेहमीच्या खोलीत दोन पॉइंट मुळातच वेगळे असतात, त्यामुळे दोन स्विच आपोआप मिळतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, खाली दिवा असलेला पंखा बसवताना. दोन, जुन्या घरात पंख्याच्याच सीलिंग रोजमधून (छतावरच्या वायरी जोडायच्या गोल डबीतून) नंतर दिवा काढलेला असतो तेव्हा. दोन्हीकडे बोर्डापासून छतापर्यंत दोनच वायरी गेलेल्या असतात: स्विचमधून येणारी फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर). दोन वायरींवर दोन वस्तू वेगवेगळ्या चालत नाहीत. तिसरी वायर लागते.

रचना अशी. भारतात घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एकफेजी पुरवठा असतो. एमसीबीतून (जादा भार येताच आपोआप बंद होणाऱ्या स्विचमधून) आलेली फेज बोर्डात पहिल्या स्विचच्या एका स्क्रूला लावतात आणि तिथूनच छोटा तुकडा, म्हणजे लूप, दुसऱ्या स्विचला देतात. पहिल्या स्विचच्या दुसऱ्या स्क्रूतून निघालेली वायर रेग्युलेटरमधून पंख्याकडे जाते. दुसऱ्या स्विचची वायर रेग्युलेटरला न शिवता थेट दिव्याकडे जाते. न्यूट्रल मात्र कुठेही न तुटता छतापर्यंत जाते आणि तिथे पंखा नि दिवा दोघांना मिळते. चौथी वायर अर्थिंगची. ती पंख्याच्या धातूच्या अंगाला जोडायची, आणि बोर्डाचा डबा लोखंडी असेल तर त्यालाही.

दोघांची न्यूट्रल एकच असली तरी चालते, कारण भार फार थोडा आहे. १२०० मिलिमीटर पात्याचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, म्हणजे एक तृतीयांश अँपिअर. २० वॅटचा एलईडी दिवा त्यात आणखी एक दशांश अँपिअरहूनही कमी भर घालतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला आणि ६ अँपिअरच्या स्विचला हा भार काहीच नाही. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा तर ३० ते ३५ वॅटवरच भागवतो, पण त्याला भिंतीवरचा रेग्युलेटर लावू नये. त्याचा वेग त्याच्या स्वतःच्या सर्किटमधून, बहुधा रिमोटने, बदलतो.

स्विच फेजमध्येच हवा, न्यूट्रलमध्ये नको, हा नियम सगळे सांगतात आणि घाईत तोच आधी मोडला जातो. स्विच न्यूट्रलमध्ये पडला तरी पंखा फिरतो, दिवा लागतो, वरवर सगळे ठीक दिसते. पण स्विच बंद असतानाही पंख्याच्या टर्मिनलपर्यंत पूर्ण फेज उभी असते. बटण बंद केले या भरवशावर कंडेन्सर बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ती जागेवरच धरते. या चुकीची एक खूण घरातल्या कुणालाही पाहता येते: रात्री खोली अंधारी केल्यावर बंद केलेला एलईडी दिवा काजव्यासारखा मंद पेटत राहतो. मंद उजेड दर वेळी याच चुकीने दिसतो असे नाही. स्विचमधल्या इंडिकेटरमुळे किंवा एका पाइपातल्या लांब समांतर वायरींमुळेही तो दिसू शकतो. तरी तो दिसला की बोर्ड उघडून पाहावा.

रंग जपले तर पुढच्या माणसाचे काम सोपे होते. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. पंख्याला लाल आणि दिव्याला पिवळी ठेवली तर छतावर टोके शोधत बसावे लागत नाही. जुन्या घरांत मात्र सगळीकडे एकाच रंगाची वायर सापडते. तिथे एमसीबी बंद करून मल्टिमीटरने सातत्य (कोणते टोक कोणत्या टोकाशी जोडलेले आहे ते) तपासून प्रत्येक टोकाला टेपची खूण करावी. टेस्टरचा दिवा पेटला नाही म्हणजे वायर मेली, असे समजू नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या माणसाच्या हातात तो नीट पेटत नाही. चालू सॉकेटवर टेस्टर पाहावा, मग वायरीवर, मग पुन्हा सॉकेटवर.

खानदेशात हे काम घराच्या बांधणीप्रमाणे बदलते. जुन्या धाब्याच्या घरात वर मातीचे जाड छत आणि खाली सागवानी सर (मुख्य तुळई) व कड्या. पंखा सरातल्या हुकाला टांगायचा आणि वायर पट्टी फिटिंगने भिंतीवरून आणायची. इथे तिसरी वायर टाकणे सर्वांत सोपे: पट्टीचे झाकण काढले, वायर दाबली, झाकण लावले. पत्र्याच्या घरात पंखा लोखंडी अँगलवर लटकतो. पत्रा नि अँगल दोन्ही वीजवाहक असल्याने वायरीचे आवरण काठाला घासणार नाही हे पाहावे लागते आणि अर्थिंग टाळून चालतच नाही.

स्लॅबच्या घरात सगळे एका दिवसावर ठरते. सळई बांधून झाली, काँक्रीट यायचे आहे, त्या मधल्या वेळात वायरमन सळईवर वाकून फॅन बॉक्स ठेवतो, पाइप तारेने बांधतो, मसाला आत जाऊ नये म्हणून तोंडाला कागद कोंबतो. पाइप त्या दिवशी जरा मोठा टाकला, तर दहा वर्षांनीही स्टीलची स्प्रिंग घालून वायर ओढता येते. अरुंद पाइप आणि त्यात दोन काटकोनी वळणे असली, तर तिसरी वायर मध्येच अडते. मालकाने त्या सकाळी वायरमनशी पाच मिनिटे बोलून ‘पंख्याच्या पॉइंटला चार वायरी’ एवढे नक्की करावे. खर्च काही मीटर वायरीचा, आणि पुढे भिंतीत झिरी मारणे टळते.

पाइपात जागाच नसेल तर रिमोटचा रिसीव्हर पंख्याच्या कपात (छताजवळच्या झाकणात) बसवतात. त्याला दोन वायरी पुरतात आणि पंखा व दिवा वेगळे चालतात. पण हे दोन स्विच नव्हेत, आणि रिमोट हरवला की अंधार. शेजारच्या सर्किटमधून न्यूट्रल उसनी घेणे किंवा अर्थच्या वायरीला न्यूट्रल म्हणून राबवणे, हे दोन्ही उपाय निषिद्ध आहेत. पहिल्याने आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या घरात सारखी ट्रिप होते. दुसऱ्याने, ती वायर कुठे सुटली की अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या अंगात करंट उतरतो. पाणी भरलेले लोखंडी कूलर आणि ओली फरशी ज्या भागात चार महिने घरोघर असते, तिथे हा जीवावरचा खेळ आहे.

रेग्युलेटर चुकून दोघांच्या सामाईक वाटेत आला तर पंखा हळू करताच दिवा लुकलुकतो. उलट, उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरले की पंखा मंदावतो आणि दिवा मात्र लख्ख राहतो, कारण बहुतेक एलईडी दिव्यांतला ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे आतले सर्किट) कमी व्होल्टेजही सांभाळून घेतो. मग दोष नव्या जोडणीला दिला जातो. व्होल्टेज ठीक असूनही पंखा रेंगाळत असेल तर आधी कंडेन्सर पाहावा. तो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो आणि जुना झाला की उतरतो.

इन्व्हर्टर असलेल्या घरात स्वतंत्र स्विचचा आणखी एक उपयोग होतो. इन्व्हर्टरची फेज वेगळी आणून पंखा व एकच दिवा तिच्यावर घेतात, बाकी पॉइंट महावितरणच्या फेजवर राहतात. एका बोर्डात दोन फेज आल्या, की इन्व्हर्टरवरचे आणि महावितरणवरचे स्विच यांच्यामधला जुना लूप काढायला विसरू नये. तो राहिला तर दोन्ही पुरवठे एकमेकांत मिसळतात, आणि वीज परतताच इन्व्हर्टर जळू शकतो.

पाती जमिनीपासून निदान २.४ मीटर उंच असावीत. खाली दिवा असलेला पंखा घेताना दिव्याचीही उंची मोजावी.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. बंद पडलेला दिवा, पंखा किंवा स्विच तसाच दुसरा आणून बदलणे यातून वगळले आहे. नवी वायर ओढणे आणि एका स्विचचे दोन करणे त्या सवलतीत बसत नाही.