वर आलेला मासा: चरणारा आणि गुदमरणारा

चैत्र लागला की कृष्णाकाठी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मासा वर आलाय, चला!" कराडपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत कुठल्याही घाटावर पहाटे पाण्यावर तोंडं दिसली की लोक गळ, जाळी आणि पिशव्या घेऊन धावतात. वर आलेला मासा भुकेलाच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. पावसाळ्यानंतरच्या वाहत्या पाण्यात ते बऱ्याचदा खरंही असतं. पण फाल्गुन ते वैशाखाच्या अडवलेल्या, तापलेल्या पाण्यात मासा दोन अगदी वेगळ्या कारणांनी वर येतो. एक चरायला येतो आणि दुसरा श्वास कोंडला म्हणून. या दोघांची गल्लत दरवर्षी होते आणि दरवर्षी तिच्यापायी मेलेले मासे बाजारात जातात.

चरणाऱ्या माशाबद्दल गळ टाकणाऱ्याला फार सांगायला नको. दिवस कलला, किडे पाण्यावर उतरले की इथे एक वर्तुळ उमटतं, तिथे एक चुबुक होतं, कटला पाठ दाखवून निघून जातो. जागा सारखी बदलते. काठावर कुणी उभं राहिलं, सावली पडली की सगळं शांत. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

गुदमरणारा मासा ओळखायचा तर आधी उन्हाळ्यातल्या नदीचं पाणी समजून घ्यावं लागतं. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त वेगानं चालतं, म्हणजे त्याची गरज वाढते. रोहू-कटल्यासारख्या माशांना 5 मिलिग्रॅमच्या वर बरं वाटतं. 3 च्या खाली गेलं की हाल सुरू होतात. त्यात आपली नदी या दिवसांत वाहत नसते. सांगली, म्हैसाळ असे बंधारे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालून भरलेले असतात आणि नदीचे एकामागोमाग एक डोह झालेले असतात. कोयनेतून पाणी सुटलं तर हालचाल, नाही तर सगळं थांबलेलं.

थांबलेलं पाणी हिरवं होतं. हिरवेपणा म्हणजे शेवाळ. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच तो वापरतं, आणि तळाचा गाळ तर चोवीस तास वापरत असतो. म्हणून दुपारी तीन-चारला पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि सूर्योदयाच्या आसपास सर्वांत कमी. वर जलपर्णी पसरलेली असेल तर हवेतून पाण्यात येणारी वाटही बंद. आदला दिवस ढगाळ गेला असेल तर शेवाळानं दिवसा पुरेसा प्राणवायू केलेलाच नसतो, मग पहाट आणखी वाईट.

आता मुख्य फरक. पाणी किती हलतंय ते पाहू नका, तोंड पाहा. चरणारा मासा तोंड वर आणतो, घास घेतो आणि खाली जातो. गुदमरणारा मासा तोंड वरच ठेवतो. प्राणवायू उरलेला असतो तो हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात, आणि मासा तेवढाच थर कल्ल्यांवरून ओढत असतो. म्हणून उघडमीट करणारी तोंडं एका जागी, एका लयीत, ओळीनं दिसतात. वर्तुळं उमटून विरत नाहीत, पाणी सतत बारीक थरथरत राहतं. काठावर पाय आपटा, हात हलवा. चरणारा पळेल. गुदमरणारा थोडासा दचकेल आणि लगेच परत तिथेच येईल, कारण खाली जाणं त्याला परवडत नाही. खूपच वाईट अवस्थेतला तर हलणारही नाही. लोकांना नेमकं हेच कळत नाही. "आज मासा माणसाला भीत नाही, धीट झालाय" असं म्हणत ते हातानं मासे उचलतात. तो धीट झालेला नाही, तो मरायला टेकलाय.

दुसरी खूण तितकीच पक्की: वर कोण आलंय? कटला मुळात वरच्या थरातला, त्याचं तोंडच वरच्या बाजूला वळलेलं. एकटा कटला वर दिसला तर काही सिद्ध होत नाही. रोहू मधल्या थरातला. मृगळ आणि शिंगाळा मात्र तळाचे. ते पहाटे पाण्यावर तोंड वासून दिसले तर चरण्याचा विषयच संपला. झिंगे काठाच्या उथळ पाण्यात गर्दी करून चढू लागले असतील तर शंकाच नको. आणि असा मासा आमिष घेत नाही. कणकेचा गोळा नाकासमोरून गेला तरी तो बघत नाही. "एवढा मासा दिसतोय आणि गळाला एक लागत नाही" ही तक्रार चैत्रातल्या सकाळी ऐकली की मला तरी दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही.

मरळ या हिशेबात धरू नका. तिला हवेतून श्वास घेता येतो. ती मधूनमधून वर येऊन एक घोट घेते आणि जाते, चांगल्या पाण्यातसुद्धा. वळवाच्या पावसानंतर वर आलेल्या माशांना "चढणीचे मासे" म्हणणंही थांबवा. चढण म्हणजे अंडी घालायला माशांनी प्रवाहाविरुद्ध वर जाणं; ती मृगाच्या पावसानंतरची, नवं पाणी वाहू लागल्यावरची. एप्रिलमधल्या अवकाळी सरीनं गावातली गटारं आणि ओढे धुऊन नदीत आणलेले असतात, आणि त्या घाणीनं उरलासुरला प्राणवायूही खाल्लेला असतो.

घाणीवरून आणखी एक. मासे मेले की "कुणीतरी विष टाकलं" ही पहिली आरोळी असते. बऱ्याचदा विषाची गरजच नसते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची प्राणवायूची भूक लिटरला 40,000 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असू शकते. म्हणजे असं एक लिटर पाणी 30 अंशांच्या स्वच्छ नदीतल्या पाच हजारांहून अधिक लिटर पाण्याचा सगळा प्राणवायू संपवण्याइतकं. घरगुती सांडपाण्यात हा आकडा काहीशेमध्ये असतो, पण ते रोज आणि प्रचंड प्रमाणात येतं. विषात बहुधा लहानमोठे सगळे मासे, दिवसाच्या कुठल्याही वेळी, वेडेवाकडे पोहताना दिसतात. शेवाळाच्या पाण्यात प्राणवायू संपतो तेव्हा वेळ पहाटेची असते आणि साधारणपणे मोठे मासे आधी जातात. मेलेल्यांची तोंडं उघडी आणि कल्ल्यांची झाकणं फाकलेली असतात.

गुदमरणारा मासा बंधाऱ्याखाली जमतो, कारण तिथे पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. नेमक्या त्याच जागी फेकजाळी पडतात. याला मी मासेमारी मानत नाही. भोई आणि कोळी कुटुंबं नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जगली; त्यांची रोजी पुढच्या वर्षीच्या माशावर अवलंबून आहे, आणि सकाळी पिशवी भरून नेणारा हौशी माणूस ती आजच संपवतो. तळाचे मासे वर दिसले की गळ गुंडाळावा, हे माझं ठाम मत. आणि ते मासे खाऊ नयेत, विकू तर मुळीच नयेत. प्राणवायू कशानं संपला ते काठावरून दिसत नाही, आणि रात्री मेलेला मासा कोमट पाण्यात सकाळपर्यंत नासायला लागलेला असतो.

करायचं असेल तर एक काम वेळेवर करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला सकाळीच कळवा. छायाचित्र काढा, त्यात वेळ आणि घाट दिसू दे. वर कोणते मासे होते आणि कुठल्या ओढ्याच्या किंवा नाल्याच्या तोंडाशी होते, ते लिहून ठेवा. बहुतेक तक्रारी अकरा-बारा वाजता होतात, तोवर शेवाळावर ऊन पडलेलं असतं, पाण्यातला प्राणवायू पुन्हा वाढलेला असतो आणि तपासणीत आकडा ठीक येतो. प्राणवायूचं मोजमाप जागेवर आणि सूर्योदयाच्या सुमारालाच झालं पाहिजे, असा आग्रह त्या तक्रारीतच लिहा.