लोखंडी टोपी बोटं छाटत नाही

‘बुटातली लोखंडी टोपी अपघातात वाकते आणि बोटं छाटते,’ असं वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत बाइकवर जाणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं. ते चूक आहे. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या सेफ्टी शूची टोपी २०० जूलचा आघात सोसते. ती चेपेल इतक्या भाराखाली साध्या बुटातली बोटं आधीच चिरडतील.

खरी उणीव घोट्याची. गाडी पायावर आडवी पडली की घोटा पिळतो आणि आखूड सेफ्टी शू तिथवर पोचतच नाही. जाड टोपी गिअर लिव्हरखाली अडकते, तेही आहेच. म्हणून ईएन १३६३४ या मोटरसायकल बुटांच्या युरोपीय मानकाची खूण असलेले, घोटा झाकणारे रायडिंग बूट घ्या. टाच आणि चवडा धरून पिळून बघा; सहज वळला तर घेऊ नका. नाडी मात्र आत खोचाच: ती फूटपेगला गुंतली की सिग्नलला पाय टेकत नाही.