होज बसत नाही म्हणून त्याला काय लावताय?

"पाइप घट्ट जातोय? थोडं ऑइल लाव, सरकेल." हा सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणूनच तो मरत नाही. गाडीत पेट्रोलच्या पाइपला तो चालतो. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, पाइपला चालत नाही. पण दोन्ही काळे, दोन्ही रबरी, दोन्ही क्लिपने आवळायचे, त्यामुळे ऑइलची तीच बोटं दोन्हीकडे फिरतात.

वरवरचे फरक लगेच संपतात. कूलंटचे होज जाड: हीटरचे साधारण १६ किंवा १९ मिमी, रेडिएटरचे ३० मिमीच्या आसपास, बहुतेक साच्यात वळवलेले. पेट्रोलचे ६ किंवा ८ मिमी, सरळ, मीटरवर कापून मिळणारे. रंगावरून काहीच ठरत नाही.

खरा फरक रबरात आहे. कूलंटचा होज बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. त्याला गरम पाणी, कूलंटमधलं ग्लायकॉल, वाफ, ओझोन यांचं काही वाटत नाही. पण इंजिन ऑइल, ग्रीस, पेट्रोल, डिझेल यांच्याशी त्याचं रासायनिक गोत्र जुळतं. दोन्हीकडे हायड्रोकार्बनच असल्याने तेल रबरात शिरतं आणि रबर फुगतं, मऊ पडतं. पेट्रोलचा होज आतून नायट्राइल रबराचा किंवा त्याहून महागड्या फ्लोरो-रबराचा असतो. त्याची घडण अशी की तेल आणि इंधन त्यात सहजी शिरत नाही.

आता ऑइल लावून चढवलेल्या रेडिएटर होजचं काय होतं ते बघा. तो त्या दिवशी फुटत नाही, म्हणूनच ऑइल लावणाऱ्याला आपलं बरोबर वाटतं. पण क्लिपखाली, होज आणि तोटीच्या (होज जिच्यावर चढतो त्या नळीच्या) मध्ये अडकलेला ऑइलचा थर उडून जात नाही, पुसलाही जात नाही. इंजिन रोज तापतं, तसं ऑइल हळूहळू रबरात मुरतं. टोक मऊ पडतं, क्लिपचा पत्रा त्यात रुततो, पकड सैल होते. शिवाय तोटी निसरडी राहतेच. गरम सिस्टीममध्ये दाब १ बारच्या आसपास जातो. ३२ मिमीच्या तोटीवर तो होजला बाहेर ढकलतो सुमारे ८ किलोच्या जोराने. ग्रीस तर ऑइलपेक्षा वाईट, कारण ते जागचं हलतच नाही. गंज सोडवायचे स्प्रे सहसा पेट्रोलियमचेच असतात, तेही इथे नकोत.

कूलंटच्या होजला कूलंटच लावावं. ग्लायकॉल मुळात बुळबुळीत असतं आणि सिस्टीममध्ये परकं काही जात नाही. ते हाताशी नसेल तर पेलाभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब. घट्ट फेस केलेलं साबणपाणी नको, तो फेस कूलंटमध्ये जातो. सिलिकॉन ग्रीस ईपीडीएमला बाधत नाही, पण वाळतही नाही. आणि होजच सिलिकॉनचा असेल तर त्याला ते फुगवतं. मी ते वापरू नका असंच सांगेन.

शिवाय कूलंटचा होज बसत नाही तो बहुतेक वेळा कोरडेपणामुळे नव्हे, थंड आणि ताठ असल्यामुळे. टोक एक-दोन मिनिटं उकळीजवळच्या पाण्यात धरा. तोपर्यंत तोटीवरची पांढरी खार आणि चिकटलेलं जुनं रबर बारीक पॉलिश पेपरने काढा. क्लिप आधी होजवर ओवून ठेवा, हे विसरलं की सगळं परत काढावं लागतं. मग होज थोडा पिळत, एका दमात तोटीच्या टोकाजवळच्या गोल उंचवट्याच्या पलीकडे, होज जिथे अडतो तिथपर्यंत ढकला. क्लिप उंचवट्याच्या मागे हवी, होजच्या टोकापासून ३-४ मिमी आत. उंचवट्यावर बसवलेली क्लिप कितीही आवळा, गळणारच. गाडीला मूळची स्प्रिंगची क्लिप असेल तर तीच परत लावा. रबर तापून-निवून फुगतं-आकसतं तसा तिचा ताण आपोआप जुळतो. ती फेकून स्क्रूची क्लिप लावण्यात काहीच सुधारणा नाही. स्क्रूची लावलीच तर इंजिन एकदा तापून पूर्ण निवल्यावर पुन्हा तपासा.

जुना होज निघत नसेल तर तोटीखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. रेडिएटरची प्लास्टिकची तोटी तडकते, हीटरची पातळ नळी वाकते. होज जाणारच आहे, लांबीत चीर द्या आणि सोला. पात्याचा ओरखडा तोटीवर उठू देऊ नका.

पेट्रोलच्या होजचं गणित वेगळं. इथे स्वच्छ इंजिन ऑइलचा एखादा थेंब किंवा तेच इंधन चालतं. साबणपाणी मात्र नको, ते पाणी इंधनात जातं. हीट गन किंवा लायटर तर अजिबात नको. आणि हा होज फारच अडत असेल तर आधी माप तपासा: ८ मिमीच्या तोटीवर ६ मिमीचा होज ताणून बसवला की आतला थर फाटतो, ते तुकडे पुढे इंजेक्टरकडे जातात. काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. तोटीऐवजी खटका बसणारा प्लास्टिकचा जोड असेल तर त्यावर रबरी होज चढवायचा नाही.

होजवरचा छापही वाचा. एसएई या वाहन-मानकांच्या संस्थेचा जे-३० म्हणजे इंधनाचा होज, जे-२० म्हणजे कूलंटचा. जे-३० मध्येही आर-७ कमी दाबाच्या, कार्ब्युरेटरच्या कामाचा. फ्युएल इंजेक्शनला आर-९ लागतो आणि त्यावर गुळगुळीत आतल्या बाजूची, नट-बोल्टने आवळायची क्लिप. खाचा कापलेल्या पट्टीची क्लिप रबराला चावते.

उलटी चूक जास्त धोक्याची: माप जुळलं म्हणून कूलंटच्या एखाद्या बारीक होजचा तुकडा पेट्रोलच्या लाइनला. पेट्रोल त्यात शिरतं, होज फुगतो, पाझरतो, आणि बाजूला तापलेलं इंजिन असतं. क्रँककेसच्या ब्रीदर नळीच्या (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीच्या) जागीही कूलंटच्या होजचा तुकडा दिसतो. तिथून ऑइलची वाफ जाते. काही महिन्यांत तो लिबलिबीत होऊन आत चेपतो.

छाप पुसलेला तुकडा असेल तर त्याची २ सेंमी कापून झाकणाच्या काचेच्या बरणीत, घराबाहेर, रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवा. तेवढीच दुसरी कोरडी ठेवा. सकाळी शेजारी धरा. नायट्राइल थोडं फुगलेलं दिसेल. ईपीडीएमचा तुकडा मात्र उघड्या डोळ्यांना मोठा झालेला आणि बोटाने सहज दबणारा असेल.